खाडीत तेल आलं तर मासेमारी कधी थांबवायची, कुठवर थांबवायची आणि पुन्हा कशी सुरू करायची

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलंडलं, त्यातलं सुमारे ८०० टन इंधन तेल पाण्यात गेलं आणि कंटेनर वाहत सुटले. त्यातल्या काहींत कीटकनाशकं होती. नारळी पौर्णिमा सतरा दिवसांवर आली होती. तेल उरण-अलिबागच्या किनाऱ्यांना लागलं, नवी मुंबईच्या खारफुटीतही शिरलं. "मासळी खाऊ नका" हे वाक्य तेलाच्याही आधी घरोघर पोचलं होतं.

आमच्या कोळीवाड्यातल्या लोकांना त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर ते काळं पाणी नाही. "आता खायला हरकत नाही" असं कोणी, कधी, कशावरून सांगितलं, हेच कोणाला आठवत नाही. बंद झाल्याचं सगळ्यांना कळलं, उघडल्याचं कोणालाच कळलं नाही. गिऱ्हाईक हळूहळू, आपापल्या धीराप्रमाणे परत आलं. जी मासळी बाहेरच्या समुद्रातून, तेलापासून कोसभर लांबून आली होती, तीही पाटीत पडून राहिली. ज्या चिखलात तेल खरोखर मुरलं होतं, तिथली कालवं मात्र काही जण आठवड्याभरात काढायला लागले.

पुढचा सगळा लेख त्या अनुभवातून आला आहे. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरच्या मच्छीमार संस्था, हाताने चिंबोऱ्या-शिंपल्या काढणाऱ्या बायका, बाजार समित्या आणि महापालिकेत बसणारे, या सगळ्यांसाठी तो लिहिला आहे. माझं एकच सांगणं आहे: ज्या दिवशी पाणी बंद कराल, त्याच दिवशी ते कोणत्या अटीवर उघडणार हे लिहून काढा.

आधी हे समजून घ्या: तेल मासळीत नेमकं काय करतं

तेलाचे मासळीवर दोन वेगळे परिणाम होतात आणि आपण ते एकच समजतो.

पहिला म्हणजे वास लागणं. रॉकेलसारखा, डिझेलसारखा, डांबरासारखा वास मांसात उतरतो. त्यासाठी फार थोडं तेल पुरतं. अशी मासळी विषारी असेलच असं नाही, पण ती विकण्यालायक नाही आणि खाण्यालायकही नाही.

दुसरा परिणाम दिसत नाही. तेलात बहुचक्री सुगंधी हायड्रोकार्बन नावाचा संयुगांचा गट असतो. शास्त्रज्ञ त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पीएएच' म्हणतात, आपणही तसंच म्हणू. यातली काही संयुगं, विशेषतः बेंझोपायरीन, दीर्घकाळ पोटात जात राहिली तर कर्करोगाचा धोका वाढवतात. एका जेवणाने काही होईल अशी ही गोष्ट नाही. पण कोळ्याच्या घरात आठवड्यातून पाच दिवस म्हावरं शिजतं, त्यामुळे आपला हिशोब शहरी गिऱ्हाइकापेक्षा वेगळा धरावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. सगळे जीव तेल सारखंच धरून ठेवत नाहीत.

बोय, जिताडा, शिंगाळा यांसारख्या माशांच्या यकृतात पीएएच मोडून बाहेर टाकणारी यंत्रणा असते. पाणी साफ झालं की बहुतेक मासे काही दिवसांत ते काही आठवड्यांत स्वच्छ होतात. युरोपीय संघाने ताज्या माशाच्या मांसासाठी पीएएचची वेगळी मर्यादा ठेवलेली नाही, ती याच कारणाने. कोळंबी आणि चिंबोरी यांत ही यंत्रणा मंद असते. कालवं, तिसऱ्या, खुबे, शिंपल्या यांचं तर जगणंच पाणी गाळण्यावर चालतं. तेलाचा थेंब असो की तेल चिकटलेला गाळाचा कण, ते आत घेतात आणि मोडायची ताकद फार कमी असल्याने साठवून ठेवतात. त्यात ते जागचे हलत नाहीत. मासा तेलापासून पळू शकतो, कालवाला पळता येत नाही.

निवटीचा विचार मी वेगळा करते. ती मासाच आहे, पण तिचा जन्म जातो चिखलात, बिळात. चिखलात तेल असेल तर तिला बोयसोबत धरू नका, चिंबोरीसोबत धरा.

म्हणून "खाडी बंद" किंवा "खाडी चालू" असा एकच निर्णय कधीच पुरत नाही. कोणती जात, कोणत्या भागातली, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावे लागतात.

पहिले सहा तास

तवंग दिसला, पाण्यावर इंद्रधनुष्यी रंग दिसले, जाळ्याला काळा चिकट थर आला किंवा काठावर डांबराचे गोळे दिसले, की पहिलं काम म्हणजे पाण्यातली जाळी उचलणं. पण तेलातून ओढत नेऊन नाही. खुंटाला लावलेल्या जाळीभोवती तेल आधीच आलं असेल तर ती तिथेच राहू द्या. भरलेली जाळी तेलाच्या थरातून वर काढली की आतली चांगली मासळीही गेली आणि जाळंही गेलं.

होडीचं इंजिन तेलात चालू करू नका, विडी-सिगारेट पेटवू नका. डोकं जड झालं, मळमळलं तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला जा. ताज्या तेलाची वाफ पोरांना आणि गरोदर बायकांना जास्त बाधते. त्यांना काठावर बघायलाही पाठवू नका.

काही जण चांगल्या मनाने कपड्याचा साबण किंवा भांड्यांचं लिक्विड टाकून तेल "विरघळवतात". हे अजिबात करू नका. तेल नाहीसं होत नाही, बारीक थेंब होऊन खाली उतरतं आणि नेमकं शिंपल्यांच्या तोंडात जातं. तेल फोडणारी रसायनं खोल समुद्रासाठी असतात आणि तीही परवानगीनेच वापरतात. आपली खाडी उथळ आहे, ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. इथे त्यांना जागा नाही.

कळवायचं कोणाला? तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. समुद्रातल्या तेलगळतीच्या कामात देशभर समन्वय करण्याची जबाबदारी तटरक्षक दलाकडे आहे. बंदराच्या हद्दीत पहिलं काम बंदर प्राधिकरणाचं, किनारा साफ करणं राज्याचं. शिवाय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि मत्स्यव्यवसाय विभागाचं जिल्हा कार्यालय. फोन कराल, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या. वेळ, जागा, भरती होती की ओहोटी, वाऱ्याची दिशा, तेलाचा रंग आणि वास, एवढं त्यात हवं.

वासाची नोंद का? कारण आपल्या खाडीत तेल फक्त जहाजांतून येत नाही. खाडीच्या तोंडाशी जवाहर द्वीपावर टँकर रिकामे होतात, माहुलला रिफायनऱ्या आहेत, न्हावा-शेव्याला मालवाहू जहाजांची रांग असते, आणि आपल्या पाठीशी ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा आहे. पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरीत एखाद्या नाल्यातून वापरलेलं तेल उतरलं तर टीव्हीवर काही दिसणार नाही, पण त्या नाल्याच्या तोंडाशी जाळं लावणाऱ्याला ते जहाजाच्या तेलाइतकंच लागू आहे. जाड, डांबरी वासाचं बहुधा जहाजाचं इंधन असतं, तर जळक्या ग्रीससारख्या वासाचं बहुधा यंत्रांचं वापरलेलं तेल. हा अंदाजच असतो, पण तपास कुठून सुरू करायचा हे त्यावरून ठरतं.

झाकणाच्या काचेच्या बाटलीत तेलाचा नमुना घेऊन ठेवा. पुढे प्रयोगशाळेत तेलाचा "ठसा" जुळवता येतो. कोणाच्या टाकीतलं तेल हे त्यावरून कळतं.

बंदी कोण घालू शकतं

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली राज्य सरकार ठरावीक भागात मासेमारीवर निर्बंध घालू शकतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली जिल्हा प्राधिकरण लोकांना धोक्याच्या जागी जाण्यापासून रोखू शकतं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३० प्रमाणे राज्याचे अन्न सुरक्षा आयुक्त एखाद्या खाद्यपदार्थाची विक्री जास्तीत जास्त एक वर्षापर्यंत बंद करू शकतात. म्हणजे पकडणं एक खातं थांबवतं, विकणं दुसरं. दोघांचा ताळमेळ बसला नाही तर होडी बंद आणि बाजार चालू, किंवा उलटं, असा घोळ होतो. फ्लेमिंगो अभयारण्याच्या भागात वन विभागाचा कांदळवन कक्षही येतो. ते १६.९ चौरस किलोमीटरचं क्षेत्र २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे साफसफाईला उतरायचं तरी त्यांना विचारूनच.

सरकारी आदेश यायला एक-दोन दिवस लागू शकतात. तोवर काय? संस्थेची तातडीची सभा घ्या आणि स्वतः ठराव करा. "आमच्या गावची मासळी या भागातून उद्यापासून येणार नाही." हा ठराव तुमच्या सचोटीचा पहिला पुरावा ठरतो. नंतर बाजार परत मिळवताना तो उपयोगी पडतो, भरपाई मागतानाही. नंतरच्या आदेशात तुमच्या ठरावाची तारीख नोंदवून घ्या.

रेषा कुठे ओढायची

इथे थोडं थांबून विचार करा, कारण बहुतेक बंद्या इथेच चुकतात. रेषा तेल दिसतं तिथे ओढली जाते. पण तुम्ही नकाशा उघडेपर्यंत भरती लागलेली असते.

ठाणे खाडी साधारण २६ किलोमीटर लांब, दक्षिणेला रुंद, उत्तरेला निमुळती होत ठाण्याजवळ उल्हास नदीशी एका अरुंद, खडकाळ वाटेने जोडलेली. तोंड मोठं आणि शेवट जवळजवळ बंद. भरतीबरोबर जे आत येतं ते ओहोटीला सगळंच बाहेर जात नाही. पाण्याचा वेग सरासरी एक नॉट, म्हणजे तासाला एक सागरी मैल, धरला, तर सहा तासांच्या एका भरतीत पाणी सहा सागरी मैल, म्हणजे साधारण ११ किलोमीटर आत सरकतं. न्हावा-शेव्यापासून वाशीच्या पुलापर्यंतचं अंतर साधारण तेवढंच. वर गेल्यावर वेग मंदावतो, पण तेल दुसऱ्या भरतीची वाट बघत तिथेच असतं. वाऱ्याचा हिशोब सोपा आहे: तेल वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे तीन टक्के वेगाने त्याच्या दिशेने सरकतं. नैर्ऋत्येचा वारा असेल तर ते आपल्याकडेच, नवी मुंबईच्या काठाकडे ढकललं जातं.

म्हणून रेषा ओढताना तेल आज जिथे आहे त्याच्या पुढे एक भरती आणि मागे एक ओहोटी एवढं अंतर जोडा. उधाणाचे दिवस असतील, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तर आणखी वाढवा. उधाणाचं पाणी खारफुटीत आतपर्यंत चढतं आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत तिथलं तेल तिथेच अडकून पुढच्या उधाणाला पुन्हा सुटतं. तेल गेलं म्हणून बंदी उठवली आणि पंधरवड्याने तवंग परत आला, असं होतं ते यामुळे. तेल आलेल्या दिवसाची तिथी लिहून ठेवा. कॅलेंडरवर पुढच्या दोन उधाणांवर खूण करा. पहिलं उधाण जाईपर्यंत चिखलातल्या कोणत्याही जातीबद्दल निर्णय नको.

रेषा अक्षांश-रेखांशात लिहिली तरी शेजारी खुणा लिहाच. "ऐरोली पूल ते वाशी पूल, दोन्ही काठ, नाले आणि खारफुटीसह" हे सगळ्यांना कळतं. दक्षिणेला अटल सेतूची रेषाही आता सोयीची आहे. बेटं, नाल्यांची तोंडं, जुनी बंदरं यांची स्थानिक नावं गावच्या तांडेलांकडून घ्या.

गरजेपेक्षा मोठी बंदीही घालू नका. २०१० मध्येच, एप्रिलमध्ये, मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला. २ जूनला तिथे बंद असलेलं क्षेत्र सुमारे २,२९,००० चौरस किलोमीटर होतं, म्हणजे आखातातल्या अमेरिकेच्या केंद्रीय अखत्यारीतल्या पाण्याचा ३७ टक्के भाग. पण ते एकगठ्ठा कुलूप नव्हतं. रेषा पुन्हा पुन्हा बदलली, चाचणीत उतरलेले भाग टप्प्याटप्प्याने उघडले आणि शेवटचा भाग १९ एप्रिल २०११ रोजी उघडला. आपल्याला त्यातून घ्यायचा तो हा फेरआढावा. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं, तेव्हा तिथल्या सरकारने जहाजापासून २० सागरी मैलांच्या आत मासेमारी करू नका असं सांगितलं. केंद्र कुठे, अंतर किती, एवढंच. कोणालाही कळेल अशी रेषा.

फलकावर काय लिहायचं

आदेश असो की संस्थेचा ठराव, कोळीवाड्यात, जेट्टीवर आणि मासळी बाजारात लावायच्या फलकावर हे हवंच:

"ऐरोली पूल ते वाशी पूल, दोन्ही काठ, नाले व खारफुटीसह. जाळी, पाग, गळ, सापळे आणि हाताने वेचणे बंद. कालवे, तिसऱ्या, खुबे, चिंबोरी, निवटी, कोळंबी आणि सर्व मासे. बंदीची तारीख. पुढचा आढावा अमुक तारखेला. मासे दोन लागोपाठच्या वास-चाचण्या व एका प्रयोगशाळा अहवालात उतरले की मासेमारी खुली. शिंपलेवर्गाचा निर्णय वेगळा. या रेषेबाहेरून आलेली मासळी चालू."

(ठिकाणं उदाहरणादाखल आहेत.)

"हाताने वेचणे" हे शब्द सरकारी आदेशात बहुतेक वेळा नसतात. तिथे यांत्रिक नौका, बिगरयांत्रिक नौका असं असतं. माझी आई होडीत कधी बसली नाही. ओहोटीला चिखलात उतरून कालवं फोडायची, चिंबोऱ्या बिळातून काढायची, आणि आमच्या चार जणांच्या शाळेचे पैसे त्यातून निघाले. नौकांची बंदी तिला लागूच नव्हती, म्हणून ती उतरली असती, आणि सगळ्यांत जास्त तेल साठवणारा जीव तिच्याच टोपलीत होता. पुन्हा, नौकेची नोंद नसल्याने नुकसानीच्या यादीतही ती नव्हती. बंदीच्या आदेशात नाव नसेल तर भरपाईच्या यादीतही येत नाही. दोन्ही ठिकाणी ते लिहून घ्या.

शेवटचं वाक्य बाजारासाठी आहे. ससून डॉकहून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली मासळी कुठून आली, याची पाटी विक्रेत्या बायकांनी समोर ठेवावी आणि खरेदीची पावती सोबत असावी. गिऱ्हाइकाला उत्तर मिळालं की ते थांबतं.

नमुने

नमुना चुकला की पुढचं सगळं वाया जातं, म्हणून सावकाश.

डिझेलच्या हाताने नमुना घेऊ नका. ज्या होडीत इंजिनखाली तेल सांडलेलं असतं त्या होडीत मासळी उघडी ठेवू नका. हातमोजे प्रत्येक जागी नवे. मासा स्वच्छ पाण्याने धुवून अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा, मग बाहेरून पिशवीत. थेट प्लास्टिकला लावू नका. शिंपल्या न उघडता, कवचातच ठेवा. बर्फ पिशवीबाहेर. बर्फाचं पाणी आत गेलं तर तेच तेल एका नमुन्यातून दुसऱ्यात जातं.

प्रत्येक जागेवरून प्रत्येक जातीचे अनेक जीव हवेत, एकच जिताडा नव्हे. मोठे-लहान मिसळून. आणि प्रत्येक फेरीला बंद रेषेच्या बाहेरून, तेल न पोचलेल्या जागेवरून त्याच जातीचा तुलनेचा नमुना घ्या. चिठ्ठीवर जात, जागा, तारीख, वेळ, भरती-ओहोटी, कोणत्या जाळ्याने आणि कोणी घेतला ते लिहा. नमुना हातातून हातात जाताना प्रत्येकाची सही. ही साखळी तुटली की न्यायाधिकरणात तो नमुना फक्त एक मासा उरतो.

नमुने कुठे द्यायचे हे मत्स्यव्यवसाय विभागाकडून लेखी ठरवून घ्या. आपल्या हाकेच्या अंतरावर केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेचं संशोधन केंद्र वाशीत आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. निदान सल्ल्यासाठी तरी त्यांच्याकडे जा.

नाकाची चाचणी

हे ऐकून काही जण चकित होतात, पण जगभर पहिली चाळणी नाकाचीच असते. मेक्सिकोच्या आखातातल्या त्या गळतीनंतर वापरलेल्या पद्धतीत प्रशिक्षित दहा परीक्षकांपैकी किमान सात जणांना तेलाचा वास किंवा चव लागली नाही तरच नमुना पुढे रासायनिक तपासणीला जायचा. क्रम ठरलेला: आधी कच्च्याचा वास, मग शिजवलेल्याचा वास, मग शिजवलेल्याची चव.

गावात आपण याची घरगुती आवृत्ती करू शकतो. ती प्रमाणपत्र नव्हे, पण लवकर इशारा देते. दहा माणसं निवडा. चाचणीच्या दिवशी तंबाखू, मिशरी, अत्तर, कांदा-लसूण वर्ज्य. मासळी कोणत्या जागची हे परीक्षकांना माहीत नको. प्रत्येक नमुन्याला तीन आकडी क्रमांक द्या आणि तुलनेचे स्वच्छ नमुने मधेमधे मिसळा. मीठ-मसाला न घालता, झाकणाच्या भांड्यात वाफवा. झाकण उघडताच नाक लावा, कारण हलका वास पहिल्या वाफेबरोबरच निघून जातो. एकमेकांशी बोलू नका, कागदावर लिहा. कच्च्यातच तेलाचा वास आला तर तो नमुना तिथेच बाद. चव घ्यायची नाही.

आमच्या गावात याला सगळ्यात पारखी नाकं सुकट-बोंबील विकणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची आहेत. जाळ्याला डिझेलचा हात लागला होता की नाही हे त्या टोपलीवरून सांगतात. अशीच एक आजी एकदा म्हणाली, "वास गेला म्हंजे त्याल गेला का रं?" प्रश्न अचूक आहे. वास देणारी हलकी संयुगं आधी जातात, जड पीएएच मागे राहू शकतात. म्हणून नाकाने नापास म्हणजे नापास, पण नाकाने पास म्हणजे अजून पास नाही.

प्रयोगशाळेचे आकडे कसे वाचायचे

अहवालात दोन गोष्टी बघा: बेंझोपायरीन, आणि चार ठरावीक पीएएचची बेरीज. युरोपीय संघात ताज्या शिंपलेवर्गासाठी बेंझोपायरीनची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आणि चौघांच्या बेरजेची ३० आहे. अमेरिकेने २०१० मध्ये आखातासाठी वेगळं गणित केलं, तिथले लोक किती खातात हे धरून. बेंझोपायरीनशी समतुल्य असलेल्या एकूण पीएएचसाठी माशांना किलोमागे ३५ मायक्रोग्रॅम, कोळंबी-खेकड्यांना १३२, कालवांना १४३. आकडे इतके वेगळे का, असं वाटेल. खाण्याचं प्रमाण, वजन, किती वर्षं खाणार, हे गृहीत धरलेलं वेगळं असतं. म्हणून अधिकाऱ्यांना विचारायचा प्रश्न "मर्यादा किती?" एवढाच नाही. "हे ठरवताना माणशी रोज किती मासळी धरली?" हेही विचारा, आणि कोळीवाड्यातलं खरं प्रमाण त्यांना सांगा.

उघडण्याचा क्रम

आधी मासे, मग कोळंबी, मग चिंबोरी आणि निवटी, शेवटी कालवं-तिसऱ्या-खुबे. भाग उघडताना बाहेरच्या रेषेकडून आतल्या नाल्यांकडे. ५ जानेवारी १९९३ रोजी शेटलंड बेटांवर 'ब्रेअर' टँकर फुटला, ८४,७०० टन कच्चं तेल गेलं. तिथे मोकळ्या पाण्यातले मासे त्याच वर्षी एप्रिलमध्ये खुले झाले, पण चिखलात राहणाऱ्या एका जातीच्या लॉबस्टरवरची आणि शिंपल्यांवरची बंदी काही भागात पुढे कित्येक वर्षं राहिली. त्यांचं पाणी वादळी आणि थंड, आपलं उथळ आणि कोमट, म्हणून काळ तोच धरू नये. क्रम मात्र तोच राहतो.

पाणी उघडण्याआधी होड्या आणि जाळी धुवून झाली पाहिजेत. तेल लागलेल्या जाळ्यात स्वच्छ मासाही घाण होतो. धुता न येणारं जाळं जाळू नका, पुरू नका. मोजा, फोटो काढा, पंचनामा करून घ्या आणि घातक कचरा म्हणून सोपवा. आणि उघडल्याची बातमी बंदीइतक्याच मोठ्या अक्षरांत, त्याच फलकावर, अहवालाच्या प्रतीसह.

गिऱ्हाइकांनीही एक लक्षात ठेवावं. लिंबू, व्हिनेगर, आमसूल, कडकडीत तळणं, यांपैकी कशानेही पीएएच जात नाही. वास येत असेल तर ती मासळी घेऊ नका, पण कुठली आहे हे विचारल्याशिवाय सगळ्याच पाट्यांकडे पाठ फिरवू नका.

पैशाचा भाग

टँकरमधून सांडलेल्या तेलासाठी १९९२ चे नागरी दायित्व व निधी करार आणि इतर जहाजांच्या इंधनासाठी बंकर करार, भारत या तिन्हींत आहे. निधी कराराखालच्या आंतरराष्ट्रीय भरपाई निधीकडे दावा करायची मुदत नुकसान झाल्यापासून तीन वर्षं, आणि घटनेपासून सहा वर्षांच्या पुढे नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे भरपाईसाठी पाच वर्षं. ही दारं खरोखर उघडतात. 'एमव्ही राक कॅरियर' २०११ मध्ये मुंबईजवळ बुडालं, त्यावर न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये १०० कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई ठरवली.

पण दावा उभा राहतो तो वहीवर. आधीच्या तीन वर्षांत याच महिन्यांत किती मिळायचं, कितीला जायचं. संस्थेच्या डिझेलच्या नोंदी, बर्फाच्या पावत्या, व्यापाऱ्याची चोपडी, सगळं चालतं. हाताने वेचणाऱ्या बायकांकडे पावती नसते. त्यांच्यासाठी आजपासून एक साधी वही सुरू करा: तारीख, जागा, टोपल्या, विक्री, दोन साक्षीदारांच्या सह्या. बंदी विनाकारण लांबली तर त्या लांबलेल्या दिवसांचे पैसे निधी नाकारू शकतो. उघडण्याची अट पहिल्याच दिवशी लिहा म्हणते, त्याचं हेही एक कारण.

तेल यायच्या आधी, याच हिवाळ्यात

आपल्या खाडीत औद्योगिक सांडपाणी आणि शहराचं गटार वर्षानुवर्षं येतं, त्यामुळे थोडं पीएएच इथे नेहमीचंच आहे. उद्या गळती झाली की दोषी म्हणेल, हे आधीपासूनच होतं. आणि आपल्याकडे 'आधीचं' काहीच नसेल. म्हणून डिसेंबरात आपापल्या गावच्या तीन जागांवरून कालवं, चिंबोरी, बोय आणि मूठभर चिखल घ्या. फॉइल, चिठ्ठी, सह्या, सगळं वर सांगितल्याप्रमाणे, चिखल काचेच्या बरणीत. जमल्यास एक भाग तपासून घ्या. दुसरा भाग उणे वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये, दर हिवाळ्यात नवा भरायचा. फ्रीझर संस्थेच्या कार्यालयात, त्याला कुलूप, आणि किल्ल्या दोघांकडे: एक चेअरमनकडे, दुसरी चिखलात उतरणाऱ्या बायकांनी निवडलेल्या एकीकडे.